बुश की बॉल

खेतवाडीत, जिन्याखालच्या खोलीत
मी लोकांचे दात घासते.
तोंडातले नव्हे, कवळ्यांचे.
पाव हॉर्सपॉवरची मोटर, मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे,
टोकाला नमद्याचं चाक, चाकावर ओली प्युमिस,
आणि समोर अनसूया टिपणीसांची वरची कवळी.
त्यांना ती शुक्रवारी हवी.
मुरुडहून भाची येतेय, डबाभर सुके बोंबील घेऊन.

मोटर सोमवारपासून किंचाळतेय.

चूक माझीच.
दिवाळीत कुरकुरली तेव्हा मी खोबरेल घातलं,
घरात होतं म्हणून.
हसू नका, दोन महिने गप्प होती.
मग जानेवारीतल्या त्या चार पहाटा आल्या,
ज्यांना थंडी म्हणायची मुंबईला लाज वाटते,
आणि बाटलीत गोठलं तसं ते आतही गोठलं,
गोठून, तापून, पुन्हा गोठून
डिंकासारखं पिवळं झालं.
शेजारच्या केतनने लाल नळीचा स्प्रे मारला.
अर्धा तास सुसाट!
स्प्रेने मळ धुतला,
उरलंसुरलं वंगणही धुतलं,
आणि स्वतः उडून गेला.

सात किलोची मोटर भाजीच्या पिशवीत.
टॅक्सीवाला म्हणाला, कलिंगड का?
नागदेवी स्ट्रीट, म्हटलं.
मग काही बोलला नाही.

मुस्तनसीरभाईंचं दुकान चार हात रुंद.
मी म्हटलं, तेल द्या, चांगलं.
त्यांनी तेल दिलं नाही.
बुश की बॉल?
बुश.
उभी की आडवी?
आडवी.
दिवसाला तास किती?
सहा. लग्नसराईत नऊ.
आणि धूळ? कसली धूळ असते तिथे?
प्युमिस, म्हणाले मी,
आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

शिलाई मशीनचं तेल हातात घेतलं, परत ठेवलं.
हे पातळ. नऊ तास तापली की टिकणार नाही.
मोटारसायकलचं?
त्यात साबण असतो, बेन, मळ उचलून फिरवणारा.
इंजिनाला गाळणी असते.
हिला आहे का?
ग्रीसचा डबा तर त्यांनी बोटानेच मागे सारला,
ते बॉलवाल्यांचं. आणि बॉल सीलबंद असला
तर त्यांनाही नको, उगाच लाड.

शेवटी खालच्या फळीवरून
लेबल नसलेली छोटी बाटली.
टर्बाइनचं, वीस नंबर, साधं.
उजेडात धरली तर फिक्या चहासारखं.
पितळेच्या बुशला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात,
ते तेल पिऊन ठेवतात, फिरताना थोडं थोडं देतात.
बाजूच्या नमद्याला पाजायचं. दोन थेंब.
तिसरा घातला तर बाहेर येणार,
बाहेर आला की तुमची भुकटी धरणार,
मग ते तेल राहत नाही,
घासणी होते.
कापसाने आधीचा चिकटा काढा, रॉकेल लावून. सुकू द्या.
आणि सुई नसलेली इन्सुलिनची सिरिंज दिली.
त्यांच्या बायकोची असावी. विचारलं नाही.
बाटलीचे साठ घेतले. सल्ल्याचे नाहीत.

रात्री केलं सगळं.
हाताने फिरवून पाहिलं, मग बटण.

आवाज गेला.
म्हणजे घरघर राहिली, पण किंकाळी गेली,
आणि तेवढ्यात जबड्यात काहीतरी सैल झालं:
चार दिवस मी स्वतःचेच दात आवळून बसले होते.
दिवसभर दात बघणारी बाई!

सिरिंजच्या टोकाला तिसरा थेंब लोंबत होता.
तो दाराच्या बिजागरीला दिला.

शुक्रवारी दार वाजलंच नाही.
चाकावर ओणवी होते, मान वळवली,
तर टिपणीसबाई कधीच्या आत येऊन उभ्या,
पदराआड हसत,
दात नसलेल्या.